अठरा ग्रॅम

मशीनच्या गाळणीत, कॉफीच्या थरावर पाणी साचलं होतं. काडेपेटीतली एक काडी मी थराला टेकेपर्यंत त्यात उभी धरली आणि भिजलेली लांबी पट्टीवर मोजली. सहा मिलिमीटर. कॉफी काढून झाल्यावर गाळणीत दाबलेली, घट्ट वडी उरायला हवी. इथे चिखल होता.

गेले चार महिने बाबा फोनवर हेच सांगत होते. "साधना, आजबी गाराच निघाला." मी पुण्यातून एकेक कारण तपासायला सांगायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळायला लावायचे. कॉफीवर दट्ट्या सरळ दाबा. कॉफी उतरल्यावर गाळणीचं हँडल अर्धा मिनिट काढू नका. जाळी ब्रशनं साफ करा. गावाकडे रिठदला बाबा शेतातून येऊन हे सगळं करायचे आणि निकाल कळवायचे. कॉफी किती टाकता, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. अठरा ग्रॅम, तू सांगितली तेवढीच, असं ते म्हणाले. ते उत्तर मी पुन्हा तपासलं नाही.

गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाबा महिनाभर माझ्याकडे होते, तेव्हा त्यांना ही कॉफी आवडली. जानेवारीत मी मशीन, छोटा वजनकाटा आणि एक किलो दळलेली कॉफी पाठवून दिली. कॉफी संपायच्या आत येते, असं मी फोनवर म्हणाले. मशीन पाठवलं की जाणं थोडं लांबवता येतं, हे तेव्हाही मला कळत होतं.

मी जायचं टाळत होते ते घराच्या रस्त्याकडच्या खोलीमुळे. मातीच्या तपासणीसाठी लोकांना लांब जावं लागतं, आपण रिठदलाच प्रयोगशाळा काढू, असं तीन वर्षांपूर्वी मीच म्हणाले होते. बाबांनी त्या खोलीत ओटा बांधला, पांढऱ्या फरशा बसवल्या, दोन नळ घेतले. कुणी विचारलं की पोरगी येणार आहे म्हणून सांगायचे. मी दरवेळी पुढच्या वर्षावर ढकलत राहिले. मागच्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या प्रयोगशाळेतली नोकरी कायम झाली आणि तिथेच राहायचं मी ठरवलं. घरी सांगितलं नाही.

मेच्या मध्यावर एकदाची आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सहा मिलिमीटर पाणी मोजलं आणि बाबांना म्हटलं, आता माझ्यासमोर पुन्हा एकदा करा. ते माझ्याकडे पाठ करून काट्यावर कॉफी तोलू लागले. किती झाली, मी विचारलं. अठरा, ते म्हणाले.

आई दारातल्या खाटेवर कुरडया उलटत होती. तिनं मान वर केली नाही.

"अठरा कायचे? आठ टाकते थो. रोज सकायी सोनारावानी काट्यावर डोये लावून बसते. जराशी जास्त पडली तं चमच्यानं उचलून डब्यात वापस."

बाबा ओशाळून हसले. तुला काय करायचं, तू आपल्या कुरडया पाहा, असं काहीतरी तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"अठरानं दोन महिन्यात संपली असती. तू संपाच्या आदी येनार होती. मंग तू खोटी पडली असती ना, बाई."

हजार भागिले अठरा. पंचावन्न दिवस. चार महिने होऊन गेले होते आणि डब्यात अजून दोन बोटं कॉफी होती. नमुन्यांच्या आकड्यांतली दशांशाची चूक मला लगेच दिसते. हा भागाकार मात्र मी एकदाही केला नव्हता. करायचाच नव्हता, असंही असेल.

मी अठरा ग्रॅम तोलून गाळणी भरली. ही गाळणी दोन कपांची आहे. तिच्यात आठ ग्रॅम टाकले की वर रिकामी जागा राहते आणि पाणी तिथे साचतं, एवढंच कारण होतं. या वेळी वडी अख्खी निघाली. बाबांनी ती तळहातावर घेतली, पण त्यांची नजर डब्याकडे होती.

म्हणून मी बॅगेतून एक किलोचा नवा पुडा काढून त्यांना दिला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"हे दिवायीपर्यंत पुरवतो," ते म्हणाले. "तवरिक तुयं लॅबचं होऊन जाईन."

या वेळी भागाकार आपोआप झाला. रोज साडेपाच ग्रॅम. त्यातून कपात उतरलं असतं ते नुसतं तांबूस पाणी, आणि बाबा ते सहा महिने प्यायले असते. फोनवर अठराच सांगितले असते.

"पुडा खाली ठेवा, बाबा."

त्यांनी ठेवला. आईचा हात थांबला.

"मी रिठदले येनार नाही," मी म्हणाले. "लॅब काढनार नाही. पुण्यातच राहनार. हे ऑगस्टातच ठरलं होतं, तुमाले सांगतलं नाही. ते खोली दुसऱ्या कोनाले देऊन टाका."