बेचाळीस सत्कार

माझं नाव झुंबरबाई, वय छप्पन्न, आन मला रॉक बँड आवडतो. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

आमच्या पंकजानं, म्हंजे पोरीनं, दोन वर्सांमागं खुरपताना माझ्या कानात इअरफोनचं बोंडुक घातलं आन 'धुळपेर' बँड लावला. चार पोरं, केसं खांद्यापत्तोर, गिटारी अशा वाजवत्यात की बांधावरलं कुत्रं उठून बसावं. पर गानी आपल्यातली. पान्याच्या टँकरवर गानं, ऊसतोडीला गेलेल्या आईवर गानं. तवापासनं मी त्यांच्याबिगर खुरपं हातात धरत न्हाई. शेजारची छबूबाई म्हनती, "झुंबरला लागिर झालंय." झालंय तर झालंय, तुझं काय जातंय?

तर ही पोरं पाथर्डीत येनार हुती. पतसंस्थेचा वर्धापनदिन, कॉलेजचं मैदान, दुपारी चारला. सहाला त्यांची गाडी नगरला निघनार, तिथं दुसरा कार्यक्रम. म्हंजे माझ्या वाटनीला दोनच तास. मी दोनलाच जाऊन पुढची खुर्ची धरली.

मालक बी संगं आले, पर गान्यासाठी न्हाई. आमच्या भिमाजीरावांनी तीस वर्सं एसटी चालवली, गाडीला एक ओरखडा न्हाई. त्यांचा सत्कार हुता. मागं दोन डाव यादीतनं नाव गळालं, तवा मानूस आठ दिस धड जेवला न्हाई. औंदा सकाळपासनं चार येळा फेटा बांधून सोडला.

"नीट दिसतोय का गं?"

"नवरदेव दिसताय," मी म्हनले, तर लाजले की!

चारला चेअरमन आप्पासाहेब माईकवर आले आन सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, फोटू. शाल, नारळ, फोटू. मंडपवाल्याचा सत्कार, माजी सरपंचाचा, आत्ताच्या सरपंचाचा, पुढं सरपंच व्हनाराचा. बेचाळीस नावं! माझी पोरं स्टेजमागं गिटारी गळ्यात घालून घामाघूम उभी. पाच वाजले. सव्वापाच झाले तरी सव्विसावंच नाव. माझा जीव खालीवर व्हायला लागला.

मग डोक्यात आलं, आप्पासाहेब नारळाबिगर सत्कार जन्मात करायचे न्हाईत. आन नारळाचं पोतं तर स्टेजमागं पडलंय. मालकांचं नाव एकतिसावं. त्यांचा फोटू निघाला की पोतं गायब करायचं. बत्तिसावा हुता खतवाला बन्सी. त्यानं गेल्या साली मला हरभऱ्याचं किडकं बी दिलतं, त्याच्यासाठी माझा जीव तुटनार न्हवता.

अठ्ठाविसावं नाव चालू असताना पदर खोचून मागं गेले. बघते तर पोतं न्हाई!

तिकडं स्टेजवर गोंधळ. "नारळ कुटं गेले रे?"

कुनीतरी म्हनलं, "साहेब, नुसती शाल घाला."

"नुसती शाल? सत्कार हाय का थंडीचं वाटप?" आप्पासाहेब माईकवरच खेकसले. "बाजारातनं नारळ आना! येस्तवर ह्या पोरांना वाजवू द्या."

आन गिटार कडाडली. अंगावर काटा आला माझ्या. पर माझी चोरी माझ्याआदी केली कुनी, ते कळंना. शोधत टेम्पोच्या आडाला गेले, तर पोत्यावर कोन बसलेलं? आमचे मालक. फेटा सोडून मांडीवर घेतलेला.

"अवं, तीन नावांवर तुमचा नंबर आलता!"

"म्हाईत हाय."

"मग?"

"तू सारखी घड्याळ बघत हुतीस. रडकुंडीला आलतीस." मालक जमिनीकडं बघत बोलले. "सत्कार काय, मेल्यावर बी करत्यात. जा, ऐक तुझी पोरं."

मला रडू बी आलं आन राग बी. "चोरी तरी नीट करायची! मी तुमचा फोटू झाल्यावर करनार हुते!"

मालक आ वासून बघत राह्यले. मग दोघंबी असं हसलो की माझी उचकी थांबंना.

तेवढ्यात आप्पासाहेबांचा मानूस सूर्यभान धावत आला. मी झटक्यानं मालकांच्या शेजारी पोत्यावर बसले आन पदर पसरला.

"काकू, नारळाचं पोतं दिसलं का?"

"न्हाई बा. ह्यांना चक्कर आलीया, जरा वाऱ्याला बसलोय."

तो पळाला. टँकरचं गानं लागलं. मालक म्हनले, "आता तरी पुढं जा."

"दोघांच्या बुडाखाली पोतं झाकलंय. मी उठले तर दिसंल की."

सहापत्तोर तिथंच बसलो. टेम्पोच्या आडून मला धुळपेरच्या एका पोराचं तोंड दिसलं न्हाई. पर मालकांनी माझा हात धरला हुता, दिसाढवळ्या, मानसांच्या गर्दीत, लग्नाला पस्तीस वर्सं झाल्यावर पयल्यांदा.