कंसातलं नाव

लॉरेटा कोवालला कुणी चूक दाखवलेली खपत नसे, आणि बारा वर्षांत तशी हिंमत फारशी कुणी केलीही नव्हती. ओ क्लेअर गावातल्या त्या छोट्या कंपनीत दुधाच्या टाक्या थंड ठेवणारं सॉफ्टवेअर तिनेच उभं केलेलं. सगळ्या टाक्यांचा एक मूळ क्लास, म्हणजे कोडचा साचा, आणि नियम एकच: त्याच्यावरून नवा क्लास काढताना कंसात त्या नव्या क्लासने स्वतःचंच नाव द्यायचं. म्हणजे बापाला कळतं समोर कुठलं पोर उभंय. "शेंबड्या पोरालाही समजेल," असं ती प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायची.

सोमवारी सकाळी एका डेअरीवाल्याचा फोन आला. वीज गेली, परत आली, पण उभ्या टाकीचा प्रोग्राम काही उठला नाही. हजार गॅलन दूध नासलं. माणूस फोनवर अक्षरशः रडत होता.

लॉरेटाने फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. क्लास उभ्या टाकीचा आणि कंसात नाव आडव्या टाकीचं! कुणीतरी आडवीची फाइल कॉपी केली होती आणि कंसातलं नाव बदलायला विसरलं होतं. कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरचं काय जातंय? नाव घराण्यातलं आहे एवढंच तो बघतो. तुझंच आहे का, हे विचारत नाही. वीज पूर्ण जाऊन परत आल्यावर जो भाग चालतो तिथेच ते नाव लागायचं, आणि एरवी जनरेटर सांभाळून घ्यायचा, म्हणून इतके दिवस निभावलं.

तिने त्या ओळीचा इतिहास, म्हणजे ती कुणाच्या नावावर आहे याची नोंद, पाहिली. नाव होतं टोबायस रेनबर्गचं.

चीजचा कारखाना बंद पडल्यावर चाळिशीत कोडिंग शिकून आलेला हा माणूस. त्याचं प्रोबेशन शुक्रवारी संपणार होतं.

"ओळीवर त्याचंच नाव आहे ना? मग प्रश्नच मिटला," मॅनेजर डेल म्हणाला. "तीन वाजता मीटिंग. आजच नारळ देऊन टाकू."

टोबायस तिच्या टेबलाशी आला. चेहरा पांढराफटक.

"लॉरेटा, खरंच सांगतो, ही फाइल मी लिहिल्याचं मला आठवत नाही हो."

"डोळे मिटून कॉपी केल्यावर आठवणार कसं?" ती म्हणाली. तो मान खाली घालून गेला.

मीटिंगमध्ये त्याने वाद घालू नये म्हणून तिने जुना इतिहासही काढला. मार्चमध्ये टोबायसने सगळ्या फाइलींमध्ये ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा एकसारख्या केल्या होत्या. तिनेच सांगितलं होतं. त्यामुळे हरेक ओळीवर त्याचं नाव चढलं होतं. त्याच्याखाली, सहा वर्षांपूर्वी, ही ओळ लिहिणाऱ्याचं नाव: लॉरेटा कोवाल.

इतकं खाली खणायला कोण जाणार होतं? डेल तर नाहीच. गप्प बसली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. तिने थर्मासमधली कॉफी ओतली आणि ती ओळ लिहिली त्या आठवड्यातले जुने निरोपही उघडले.

तीन वाजता डेल बोलायला लागणार, तेवढ्यात तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"ती चूक माझी आहे. याने फक्त मोकळ्या जागा नीट केल्या, त्याही माझ्या सांगण्यावरून."

"तुझी?" डेलला हसावं की काय कळेना.

"अजून ऐक. सहा वर्षांपूर्वी मी ती ओळ लिहिली त्याच आठवड्यात आपल्या टीममधल्या इर्माने मला लिहून विचारलं होतं, 'कुणी चुकून भावंडाचं नाव लिहिलं तर? तपासणी घालूया का?' आणि माझं उत्तर हे." तिने मोठ्याने वाचलं, "'एवढं गाढव आपल्याकडे कुणी नाही.'"

टोबायसने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. डेल खाकरला आणि शुक्रवारनंतर टोबायस कायम, असं पुटपुटला.

"ती तपासणी आता मी घालू का?" टोबायसने चाचरत विचारलं.

"नाही, ती मीच लिहिते," लॉरेटा म्हणाली. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढत म्हणाली, "लिहून झाली की तुझ्याकडे पाठवते. चुका काढ."