भीमाबाई सतराव्या कशा झाल्या

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. कागदावरची नव्हे, संगणकातली. दिल्लीतल्या द्वारका भागात एका मराठी मंडळाचं विश्रामगृह आहे. उपचारांसाठी आलेल्या आपल्या माणसांना तिथे खोली मिळते. खोल्या सहाच, म्हणून थांबलेल्यांची नावं माझ्यात लिहीत.

व्यवस्थापक गुणवंतकाकांनी मला हौसेने बनवलं. नाव, गाव, रुग्णालय, फोन अशी चार घरं दिली. कोण कधी आलं, याला घर नव्हतं. येईल त्याचं नाव खाली लिहिलं की रांग आपोआप राहते, असं त्यांना वाटे. मलाही वाटे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते मला कौतुकाने दाखवत.

एका मंगळवारी, नाव पटकन सापडावं म्हणून, काकांनी मला अकारविल्हे लावलं आणि तसंच जतन करून बंद केलं. पहिल्या असलेल्या भीमाबाई सतराव्या झाल्या. मला सगळं कळत होतं, पण सांगायला माझ्याकडे जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक खोली रिकामी झाली. भीमाबाईंचे पती शहाजी यांना त्याच दुपारी रुग्णालयातून सोडणार होते. ओल्या टाक्यांनिशी त्यांना न्यायचं कुठे? काकांनी मात्र माझ्यातलं वरचं नाव वाचलं आणि किल्ली कुमुदिनीताईंना दिली.

"अहो, पहिली मी होते," भीमाबाई म्हणाल्या.

"मावशी, कॉम्प्युटरमध्ये तुमचा सतरावा नंबर आहे. मी काय करू?"

शेजारच्या सोसायटीतली लुंबिनी तिथेच होती. कंपन्यांच्या माहितीची मांडणी करणं हे तिचं काम.

"अच्छा काका, नंबर सोडा. प्रत्येकाला बस इतकंच विचारा, तुमच्या पुढे कोण होतं? माणूस नंबर विसरतो, पुढचा माणूस नाही विसरत."

तिने नवी यादी मांडायला घेतली. तिच्यात प्रत्येक नाव पुढच्या नावाचा हात धरून उभं राहतं. नावं कशीही लावा, रांग सुटत नाही. मला तिचा हेवा वाटला.

"माझ्यापुढे कुणीच नव्हतं, नुसतं बंद दार होतं, बाई," भीमाबाई म्हणाल्या.

कुमुदिनीताई किल्लीकडे बघत राहिल्या. त्यांची आईही आजारीच होती. मग हळूच म्हणाल्या, "मी या मावशींच्या मागे होते." त्यांनी किल्ली भीमाबाईंच्या हातात ठेवली.

आता नवी यादी काम करते. मी जुन्या संगणकात बंद आहे. मित्रांनो, कुणाचं नाव लिहून घ्याल, तेव्हा त्याच्या पुढे कोण होतं तेही विचारा. आणि जमलं तर मला एकदा उघडा. माझ्यात भीमाबाई अजून सतराव्याच आहेत.