असंल

"तुमी जेवा, मी आलेच," म्हणून मंगल पानावरून उठली, आणि तिच्या नवऱ्याला, जोतिबाला, कळलं ती काय करणार ते.

मालकांच्या मुलीचं लग्न होतं. जोतिबा कामाला होता त्या उद्यमबागेतल्या, लोखंड ओतायच्या फौंड्रीतली सगळी माणसं सहकुटुंब आली होती. मंगलनं हात धुतले, नळाजवळची रिकामी बादली उचलली आणि ती मांडवातल्या खुर्च्यांमधून फिरायला लागली. लोकांनी घोटभर पिऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलायच्या, झाकण काढायचं, पाणी बादलीत ओतायचं. नवी साडी तिनं गुडघ्यापर्यंत खोचली होती.

जोतिबानं मान पानात घातली.

हे काही एकदम झालं नव्हतं. कचऱ्याच्या गाडीवरच्या बाईनं ओला आणि सुका वेगळा द्या म्हणून सांगितलं, तिथून सुरुवात. मग भाजीची सालं गळक्या माठात जायला लागली. जुन्या लुंग्यांच्या पिशव्या झाल्या. कपडे धुतलेलं पाणी संडासात वापरायचं ठरलं. घरात त्याची तक्रार नव्हती. सालांची काळी माती होऊन तिच्यात कोथिंबीर उगवली, तेव्हा तोच चार वेळा गच्चीवर जाऊन बघून आला होता. पण बाहेर त्याला लाज वाटायची. मटणाच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीऐवजी स्टीलचा डबा पुढं करण्याआधी मागं कोण ओळखीचं उभं आहे का, ते तो बघायचा. उचगावसारख्या खेड्यातून शहरात येऊन तो फौंड्रीत सुपरवायझर झाला होता. लोकांनी आपल्याला गावठी म्हणू नये, एवढंच त्याला हवं असायचं.

हिशेब खात्यातले मारुतीराव शेजारी येऊन बसले. मंगलकडं बोट करून म्हणाले, "ती बाई कुठली रं? कॅटरिंगवाल्यांची काय?"

मंगल मागच्याच रांगेत होती. मारुतीरावांना बघून ती हसली, बादली खाली ठेवून पुढं यायला निघाली.

"असंल," जोतिबा म्हणाला.

मंगल थांबली. तिनं बादली पुन्हा उचलली आणि बाहेरच्या झाडांना पाणी घालायला निघून गेली.

गाडीवरून घरी येताना ती त्याला न धरता मागच्या कडीला धरून बसली. तिनं ऐकलं नसेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

सकाळी कचऱ्याची गाडी आली. मंगलनं सगळा कचरा एकाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला. गाडीवरची बाई म्हणाली, "आक्का, आज सगळं एकातच?"

"व्हय. घेऊन जावा."

जोतिबा दारात उभा होता. "वल्या-सुक्याचे डबे कुठं गेले गं?"

"ठेवले माळ्यावर. आता न्हाय काय करायचं मला तसलं."

आवाजात राग नव्हता. तो असता तर जोतिबाला काहीतरी बोलता आलं असतं.

डबे त्यानंच खाली काढले. सालं तो स्वतः माठात टाकायला लागला, पण नुसतंच टाकत गेला. माठाला घाण वास सुटला, अळ्या झाल्या. मंगल कपडे वाळत घालायला वर यायची, बघायची, आणि खाली जायची.

शेवटी एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो मारुतीरावांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला.

"मारुतीराव, लग्नात तुमी विचारलं हुतं, ती बाई कुठली म्हणून. ती माझी बायको हुती."

मारुतीरावांनी चष्मा काढला. "मला म्हाईत हुतं रं."

"म्हंजे?"

"मालकांच्या पत्रिका मीच वाटल्या की. तुझ्या घरी आलतो, तू ड्यूटीवर हुतास. वैनींनी ताक दिलं, जाताना गच्चीवरची कोथिंबीर दिली. त्या दिवशी मी चेष्टेनं विचारलं. वाटलं, तू म्हणशील, माझी बायको हाय की. तू असंल म्हणालास, मग मला काय बोलावं ते कळंना."

म्हणूनच मंगल त्यांना बघून हसत पुढं यायला निघाली होती. जोतिबाला तिथं उभं राहवेना. कामावर परत आला, तरी त्या दिवशी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवणं त्याला जमलं नाही.

संध्याकाळी त्यानं मंगलला सांगितलं. "मारुतीरावांस्नी सांगून आलो. तू माझी बायको हाईस म्हणून."

मंगल भाकरी थापत होती. "त्यांस्नी म्हाईतच हाय."

"व्हय. मलाच न्हवतं." तो म्हणाला, "चुकलं माझं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगली, तशी काढून टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "माठ लई वला केलासा तुमी. वाळली पानं घालाय लागतात त्यात."

"कुठनं आणू?"

"खाली रस्त्यावर पडल्यात की, बदामाची."

तो पिशवी घेऊन खाली गेला. कामावरून सुटलेल्या माणसांची रस्त्यावर वर्दळ होती. बदामाच्या झाडाखाली बसून तो पानं गोळा करायला लागला. गल्लीतला आण्णाप्पा गाडी थांबवून म्हणाला, "काय हुडकायलाईसा जोतिबा? काय पडलं काय?"

जोतिबाचे कान तापले. त्यानं मान वर केली.

"पानं गोळा करतोय," तो म्हणाला. "मंगलला पायजेत."