उशिरा पोचलेली गाणी

मित्रांनो, मी दखनी बोलीतल्या लग्नगाण्यांच्या पुस्तकाची एक जुनी प्रत आहे. मुरुम गावच्या एका वाचनालयात राहते. बाकीच्या प्रती वाळवीनं संपवल्या. एके काळी लग्नसराईत बायका मला घरी नेत, माझ्या पानांवर हळदीची बोटं उमटत. पुढं मागणी सरली आणि मी काचेच्या कपाटात गेले.

यंदा मदिहा आली. ती तुळजापूरकडच्या एका कॉलेजात शिकवते आणि याच गाण्यांवर पीएच.डी. करते. मला हातात घेताच तिनं वही उघडली.

ग्रंथपाल उमाशंकर म्हणाले, "ताई, इथं बसून वाचा. बाहेर देता येत न्हाय, फोटोलाबी मनाई हाय. दुसऱ्या वाचनालयाला दिलेलं पुस्तक फाटून आलं, तवापासून समितीनं बंद केलंय."

परतीची एसटी लवकर होती. जेमतेम एक गाणं तिनं उतरवून नेलं.

पुढच्या रजेत ती आली ती थेट उमाशंकरांच्या टेबलाशी. "तामलवाडीच्या जैनबबींना ते गाणं वाचून दाखवलं. त्या लग्नांत गायच्या, आता अंथरुणाला खिळल्यात. मी ज्याला हळदीचं गाणं समजत होते, ते नवरीला निरोप देतानाचं निघालं. त्या म्हणाल्या, 'बाकीचीबी आन पोरी, सांगते.' सगळी गाणी इथं बसून उतरवायला माझ्या रजा पुरायच्या नाहीत. पुस्तक माझ्या हाती नका देऊ. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्या, ते जबाबदारी घेतील."

उमाशंकरांनी समितीला विचारलं. समितीची बैठक लांबली, मग पुन्हा लांबली. मी कपाटात सुरक्षित होते. इतकी सुरक्षितता मला कधीच टोचली नव्हती.

अखेर परवानगी मिळाली. कापडात गुंडाळलेली मी कॉलेजच्या ग्रंथालयामार्फत मदिहाबरोबर तामलवाडीला पोचले. त्याच आठवड्यात जैनबबींना झटका आला होता आणि त्यांची वाचा गेली होती. मदिहा उशाशी बसून वाचू लागली. जैनबबींचे ओठ हलले, डोळे भरले. एका ओळीवर त्यांनी मदिहाचं मनगट घट्ट धरलं. काहीतरी सांगायचं होतं. शब्द फुटला नाही. मदिहानं तीच ओळ पुन्हा वाचली, आणि पुन्हा.

मित्रांनो, माझं एकही पान न फाटता मी परत आले. मला जरूर जपा. पण कुणी दूरवरून मला मागितलं, तर वेळेत पाठवा. त्या ओळीचा अर्थ मला ठाऊक नाही. माझ्याकडं फक्त शब्द आहेत.