राजाच्या नाकावरची तीन अक्षरे

मित्रांनो, मी एक जुने टपाल तिकीट आहे. घाबरट आहे, हेही आधीच सांगून टाकते. कागदाच्या एवढ्याशा कपट्याने धीट तरी किती असावे?

माझा जन्म शांततेच्या काळातला. निळ्या रंगात राजाचा चेहरा छापून झाला आणि आम्ही भावंडे टपाल कचेरीच्या कपाटात पडून राहिलो. मग युद्ध आले. परक्या सैन्याने शहर घेतले. नव्या सरकारला नवी तिकिटे काढायला सवड नव्हती, म्हणून आम्हालाच एका छोट्या छापखान्यात नेले. तिथे शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या अक्षरठशांनी, राजाच्या नाकावर नव्या सरकारची तीन काळी अक्षरे जोरात दाबून छापली. शाई पातळ होती, त्यामुळे अक्षरे फिकटच उठली. राजा मात्र तशाच ऐटीत बघत राहिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही! पुढे मी एका पाकिटावर बसले, टपालाचा गोल शिक्का अंगावर घेतला आणि प्रवासाला निघाले.

युद्ध संपल्यावर आमच्यासारखी तिकिटे थोडीच उरली आणि लबाडांचे फावले. शिक्का बसलेली साधी तिकिटे घेऊन ते त्यांवर तीच अक्षरे छापू लागले. खऱ्या तिकिटावर शिक्का अक्षरांच्या वर असतो, खोट्यावर अक्षरे शिक्क्याच्या वर. तेव्हापासून जो तो आमच्याकडे संशयाने पाहतो. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

पाकिटावरून सुटल्यावर मला सांभाळले ते घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी. माणूस मायाळू, हात स्थिर. पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माझी फिकट अक्षरे पाहून ते हळहळले. बारीक ब्रश घेतला, जीभ दातांत धरली आणि तिन्ही अक्षरे काळीभोर गिरवली. मला ओरडावेसे वाटत होते, "काका, ब्रश शिक्क्यावरून जातोय हो!" पण तिकिटाला तोंड कुठले?

हात दाखवून अवलक्षण झाले. प्रदर्शनात कुणीतरी भिंग लावले आणि संग्राहकांच्या मंडळात कुजबुज सुरू झाली, "घड्याळजी तिकिटं बनवतात." काकांनी मंडळात जाणेच सोडले. त्यांची पुतणी मात्र चिडली. "माझे काका खोटं करणार नाहीत," म्हणाली आणि त्यांना हाताला धरून तिकिटे तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन आली. पाकिटात माझा जीव टांगणीला लागला होता.

बाईंनी मला चिमट्यात धरून दिव्याखाली नेले.

"अक्षरं शिक्क्याच्या वर आहेत," त्या म्हणाल्या. "बनावट."

त्यांनी खणातून 'बनावट' असा रबरी शिक्का काढला. तो पाठीवर बसला की कधीच निघत नाही. पुतणीचा चेहरा पडला. बाईंनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि मला भीतीने काही सुचेना.

"थांबा!" काका उठलेच. "ती अक्षरं मी गिरवलीत. खालची खरी आहेत हो."

"असं सगळेच म्हणतात." तरी बाईंनी मला पालथे केले आणि दिवा आडवा धरला. किती वेळ पाहत होत्या कोण जाणे. मग बोलल्या, "मागे खिळ्यांचे वळ उठलेत. ब्रशनं असे उठत नाहीत. तिकीट अस्सल आहे. पण अक्षरं गिरवलेली आहेत, हेही मी दाखल्यात लिहिणार."

"लिहा," काका म्हणाले. "मंडळातही मीच सांगेन."

पुतणीचे डोळे भरून आले. "काका, मला तरी आधी सांगायचं!"

"तूही मला खोटारडा म्हणाली असतीस तर?"

तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"ही वरची शाई काढता येईल?" काकांनी चाचरत विचारले.

"आता हात लावू नका. तुमची काढायला गेलं तर खालचीही जाईल."

म्हणून मित्रांनो, ती काळी अक्षरे आता जन्मभर माझ्यावर राहणार. आजही कुणी भिंग उचलले की मला धडकी भरते. तुमच्या घरात जुने काही असेल तर त्याला ऊन-ओल लागू देऊ नका, प्रेमाने जपा. पण ते फिके दिसते म्हणून त्याला नटवू नका. मी फिकट होते, तेव्हा माझ्या काकांना कुणी खोटे म्हटले नव्हते.