डावीकडून आलेला आवाज

"अजी, ऐकता का?"

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत सुमनबाई अशी हाक मारायची. नवऱ्याचं नाव ओठांवर आणायचं नाही, म्हणून ही हाक हेच त्याचं नाव. कारखान्याच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणातून ती हाक यायची, दोरीवरच्या ओल्या लुगड्यासारखी हलत, लांबत. तेव्हा टिकारामचे दोन्ही कान शाबूत होते.

पुढं कारखान्यात तोफा डागून तपासायच्या कामावर डावा कान गेला. काम सुटेल म्हणून त्यानं कोणालाच सांगितलं नाही. दरवर्षी कानाची तपासणी व्हायची, आवाज आला की हात वर करायचा. टिकाराम कंपाउंडरच्या अंगठ्याकडं बघायचा. बटण दबलं की हात वर. असाच तो रिटायर झाला. घरी सुमनबाई दोनदा हाक मारायची, मग पदर खोचून समोर उभी राहायची.

"काहून जी, मुद्दाम करून राहिले का?"

तो नुसता हसायचा.

तिला जाऊन चौदा महिने झाले. बाप एकटा पडला म्हणून मुलगा अश्वजीत पुण्याहून टीव्हीसाठी चार स्पीकर घेऊन त्याच्या विजय नगरच्या घरी आला. टीव्हीच्या खोलीत डावीकडं आतल्या खोलीचं दार, उजवीकडं खिडकी. बाजूला स्पीकर लावायला जागाच नाही.

"बाजूचे नसले तरी चालते, बाबा. पुढचे अन् मागचे सारखे वाजले का आवाज मधात उभा राहते. तिथं काहीच नसते, पण वाटते का आहे."

"म्हणजे भूतच की रे!"

"तुम्ही बसा फक्त. आवाज कुठून आला ते सांगा."

टिकाराम खुर्चीत बसला. घंटी वाजली. पोराचा अंगठा रिमोटच्या उजव्या बाणावर होता.

"उजवीकडून."

"बरोबर. अच्छा, आता पुन्हा."

या वेळी अश्वजीत मागच्या स्पीकरपाशी गेला. अंगठा दिसेना. घंटी वाजली. टिकारामला सगळं जग उजवीकडूनच ऐकू यायचं. आता डावीची पाळी असणार, त्यानं अंदाज केला.

"डावीकडून. एकदम साफ."

अश्वजीत समोर आला. त्याच्या हातात दोन मोकळ्या तारा लोंबत होत्या.

"बाबा, डावीकडच्या तारा मी अजून जोडल्याच नाही."

टिकारामनं मान खाली घातली.

"कधीपासून?"

"तोफांवर होतो तेव्हापासून."

अश्वजीत उजवीकडं येऊन खाली बसला. त्याची नजर डावीकडच्या दाराशी जाऊन थांबली. त्या दारामागच्या पलंगावर आई गेली होती, भर दुपारी. झोपेतच गेली, हाकसुद्धा मारली नाही, असं बापानं सगळ्यांना सांगितलं होतं. तेराव्या दिवसाच्या पाहुण्यांनाही, त्यालाही.

"बाबा... आई त्या दिवशी..."

टिकारामनं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले.

"हाक मारली होती तिनं. शेजारच्या दुबेबाईनं ऐकली भिंतीतून. तिसऱ्या दिवशी मला फाटकापाशी म्हणाली, भैया, भाभी 'ऐकता का, ऐकता का' कर रही थीं, हम समझे आपसे बातें कर रही हैं. मी इथंच होतो, बेटा. याच खुर्चीत. मॅच पाहून राहिलो होतो."